कागद धरणारं दार

जुना फ्रिज मुंगीला चावला आणि त्या दिवसापासून मुंगीच्या आईच्या मनात भीतीने जे घर केलं, ते काही केल्या सुटेना.

मुंगी म्हणजे तिची साडेचार वर्षांची लेक. चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात मुंगीच. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही पोचणार. आणि फट दिसली की तीत शिरून बघणार. त्या दिवशी ओल्या हाताने फ्रिजचं दार उघडायला गेली आणि "आई, फ्रिज चावला," म्हणत परत आली. हसतच आली. आई हसली नाही. तिने आधी लेकीची बोटं पाहिली, मग रबरी चपला घालून फ्रिजची पिन ओढून काढली आणि मग कितीतरी वेळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसून राहिली.

मिस्त्री आला. त्याने फ्रिजला टेस्टर लावला, टेस्टरमधला दिवा मिणमिणला. "वहिनी, अठरा वर्षं चाकरी केली ह्याने. आता निवृत्त करा," तो म्हणाला.

नवरा कामानिमित्त दोन महिने परगावी होता. फोनवर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घेऊन टाक ना एखादा. तू बघशील तो चांगलाच असणार. तू चपला घेतानासुद्धा दुकानदाराची उलटतपासणी घेतेस."

"आणि फसले तर?"

"तर आई आहे की बरोबर."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. पोस्टाच्या खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनी तिकिटं विकली होती. ठरलेली किंमत, ठरलेला दर, एक पैसा इकडचा तिकडे नाही. त्या तीस वर्षांचा सूड निवृत्त झाल्यापासून त्या सगळ्या बाजारावर उगवत होत्या. सांगितलेल्या भावाने त्यांनी कोथिंबिरीची जुडीही घेतली नव्हती. एका मोठ्या दुकानाच्या गोदामात पोचे पडलेले, मांडून ठेवलेले फ्रिज सवलतीत मिळतात ही बातमी त्यांनीच आणली. पेपरात आलेलं पत्रक नीट घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं.

"सवलत देतात म्हणजे काहीतरी खोट असणार, आई."

"असेल ना. खोट बघून घ्यायची. माणसं नाही का आपण बघून करत?" सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे बघून हसल्या. "आम्हाला तर सवलतही नव्हती मिळाली."

तीन आठवडे दिवसातून तीनदा दूध तापवून ती कंटाळली होती. पण कंटाळ्यापेक्षा भीती मोठी होती. तिने दोन दिवस बसून सगळं वाचून काढलं, ओळखीपाळखीत विचारलं आणि वहीची चार पानं भरली. 'कितीला?' हा प्रश्न शेवटी, 'स्वस्त का?' हा पहिला. पोचा बाहेरच्या पत्र्याला आहे की मागच्या नळ्यांपर्यंत गेलाय. वीस मिनिटं चालू करून आवाज ऐकायचा. आत नाक घालून वास घ्यायचा, कप्पे बाहेर काढून तडे बघायचे. वॉरंटीच्या कार्डावरचा नंबर आणि फ्रिजच्या पाठीवरचा नंबर एकच आहे ना. टेस्टर बरोबर न्यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. पट्टी सहज निघाली तर रबर सैल. अडून बसली तर दार घट्ट.

या शेवटच्या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली.

गोदाम लांबलचक होतं, वर पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यांत माणसाएवढे पंखे घोंघावत होते. साठ-सत्तर फ्रिज रांगा करून उभे होते, काही चालू, काही बंद, सगळ्यांची तोंडं वाटेकडे. मागच्या बाजूला दोन हमाल विकलेल्या फ्रिजची दारं रुंद चिकटपट्टीने बंद करत होते, वरून प्लास्टिक गुंडाळत होते. त्या चिकटपट्टीचा टर्रर्र आवाज पंख्यांच्या घोंघाटातूनही कानात शिरत होता. गोदामवाल्याचा नियमच होता, पैसे दिले की दार बंद, माल टेम्पोत. उघडं दार हेलकाव्याने मोडतं, असं त्याचं म्हणणं.

गोदामवाला कानावर पेन अडकवून पुढे आला. "या ताई, या आजी."

"आजी हिची," सासूबाईंनी मुंगीकडे बोट दाखवलं. "तुमची नव्हे. तुमचं वय काही कमी नाही."

तो हसला. राखाडी रंगाच्या एका फ्रिजजवळ त्याने त्यांना नेलं. डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा, बाकी नवा कोरा.

"हा स्वस्त का?" तिने वही उघडली.

"पोचा आहे ना, ताई."

"पोचा कशाने आला?"

"टेम्पोतून उतरवताना टेकला जरा."

"टेकला की पडला?"

"टेकला."

"किती उंचीवरून टेकला?"

गोदामवाल्याने सासूबाईंकडे पाहिलं. "ह्या पोलिसात आहेत का हो?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आई आहे ती. ते खातं पोलिसांच्या वरचं."

तिने पिन लावायला सांगितली. फ्रिज घुमू लागला, आवाज एकसारखा होता. तिने पत्र्याला टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. तिने पुन्हा टेकवला, दाराला, कडीला, मागच्या जाळीला. लागला नाही. मग टेस्टरच बिघडलाय की काय म्हणून भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घालून पाहिला. तिथे लागला. तेव्हा कुठे तिने मुंगीला जवळ येऊ दिलं.

एकेक करून तिने काचेचे कप्पे बाहेर काढले, उजेडात धरून पाहिले, शेजारच्या फ्रिजला टेकवून ठेवले. भाजीचा ट्रेही काढला. रिकाम्या फ्रिजमध्ये डोकं घालून तिने दीर्घ श्वास घेतला. नव्या प्लास्टिकचा वास, बाकी काही नाही. मुंगीनेही तिच्या काखेखालून डोकं घातलं.

"आई, दार लावलं की आतला दिवा विझतो का?"

"विझतो."

"तुला कसं माहीत? दार लावल्यावर तर दिसत नाही."

"मोठी झालीस की कळेल," ती म्हणाली. सगळे आईबाप म्हणतात तसंच.

मग तिने वहीच्या कागदाची पट्टी फाडली, दारात धरली, दार लावलं. ओढली. पट्टी हलेना. वरच्या कोपऱ्यात, खालच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला, चारी अंगांनी तिने ओढून पाहिलं. दाराने कागद असा धरला होता की जोर केला असता तर फाटलाच असता. तिला फार बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. तिने दार उघडून पट्टी काढून घेतली, तिच्यावर 'घट्ट' असं लिहिलं आणि वहीत ठेवली.

"मला पण पट्टी," मुंगी म्हणाली.

व्यवहाराचं बोलायचं होतं, वॉरंटीचं कार्ड बघायचं होतं, आणि मुंगीला उगी उभं करणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. तिने कागद फाडून नऊ पट्ट्या केल्या. एक, दोन करत मुंगीच्या हातात मोजून दिल्या.

"ही एकच रांग. जे बंद आहेत ते, आणि हा आपला. दुसरीकडे जायचं नाही. दारात पट्टी धरायची, दार लावायचं, ओढायची. सुटली तर खाली टाक, अडकली तर तिथेच राहू दे. आणि कुणी काका आले तर दार लगेच लावून टाकायचं, हं. उघडं दिसलं तर ओरडतील."

मुंगीने मान डोलावली. तिला काम दिलं की ती खरंच मुंगी व्हायची, खाली मान घालून ओळीने चालणारी.

गोदामवाल्याचं टेबल वीस-पंचवीस पावलांवर होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली, कार्डावरचा नंबर एकेक आकडा करून वाचू लागली. पहिली दोन-तीन मिनिटं दर ओळीला मान वर करून तिने रांगेकडे पाहिलं. मुंगीच्या लाल फ्रॉकचं टोक दिसत होतं. मग कार्डाच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत काय काय वॉरंटीत येत नाही त्याची यादी लागली. 'वाहतुकीत झालेले नुकसान' हे शब्द तिला दिसले आणि तिचं डोकं त्यातच अडकलं.

"पोचा वाहतुकीतला म्हणालात. मग उद्या नळी गळली तर तुम्ही हेच बोट दाखवाल."

"ताई, मी लिहून देतो."

"लिहा."

तो लिहायला लागला. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या. "तिकडे एक जोडपं आलंय, हातात टेप घेऊन फ्रिज मोजतंय. आपल्याच राखाडीवर डोळा त्यांचा. मी त्या हमालाकडून पिन काढून फ्रिज फिरवून घेतला. तोंड भिंतीकडे केलं. पाठ बघून कोण विचारतंय?"

"शाब्बास, आई," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. सहीचा कागद दोनदा वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि उठली.

"मुंगी, चल."

रांगेत लाल फ्रॉक नव्हता.

"मुंगी?"

तिने आवाज चढवला नाही. लपली असेल, हसू दाबत असेल. ती रांगेच्या टोकाला गेली, तिथून मागे वळली. पहिल्या फ्रिजखाली एक पट्टी पडलेली. दुसऱ्याच्या दारातून एक जिभेसारखी बाहेर आलेली. तिसऱ्याखाली एक. मुंगीने सांगितलं तसंच केलं होतं, अगदी शहाण्यासारखं. चौथा, पाचवा, सहावा, सातवा. सात पट्ट्या. सातव्याच्या पुढे रांगेत एक जागा रिकामी होती, जमिनीवर धुळीचा चौकोन उमटला होता. तिथला फ्रिज नेला होता.

मागून टर्रर्र करून चिकटपट्टीचा आवाज आला.

तिने त्या धुळीच्या चौकोनाकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं. दाराबाहेर टेम्पोचं इंजिन घरघरत होतं.

ती धावली. धावताना काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. सासूबाईंना आठवलं, पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही. ती टेम्पोपुढे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात बोनेटवर टेकून. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून काही बोलायच्या आत गोदामवाला धापा टाकत पोचला आणि त्याने इंजिन बंद करायला लावलं.

टेम्पोत तीन फ्रिज होते, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. मधल्याच्या दारातून, प्लास्टिकच्या आत, पांढऱ्या पट्टीचं टोक दिसत होतं.

"कापा," ती म्हणाली. "कापा ना."

हमालाने सुरी चालवली. प्लास्टिक गेलं, चिकटपट्टी गेली, दार उघडलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मग उघडले.

फ्रिज रिकामा होता. आठवी पट्टी खाली पडली.

रिकामा फ्रिज बघून जीव भांड्यात पडावा की छाती पिटून घ्यावी हे तिला कळेना. दुसरे दोन उघडले. रिकामे. तेवढ्यात तो टेपवाला माणूस म्हणाला, "अहो, फाटक उघडंच आहे. रस्त्यावर गेली असेल." आणि सासूबाई, ज्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, त्या साडीचा घोळ वर धरून फाटकाकडे पळत सुटल्या.

"सगळी दारं उघडा," ती ओरडली. "सगळी. आणि पंखे बंद करा. सगळं बंद करा!"

गोदामवाल्याने मुख्य खटकाच खाली ओढला. पंखे रडत रडत थांबले. चालू फ्रिज एकेक करून गप्प झाले. इतकी शांतता झाली की छपरावर कबुतर चालत होतं त्याच्या नखांचा आवाज आला.

"मुंगी! आई रागावणार नाही. बोल!"

काही नाही.

मग दारं उघडायला लागली. हमाल, गोदामवाला, टेपवाला, त्याची बायको, सगळे रांगांमधून पळत होते आणि फटाफट दारं उघडत होते. प्रत्येक दारामागे तिला लाल फ्रॉक दिसायचा आणि प्रत्येक दारामागे तो नसायचा. या सगळ्या फ्रिजमधला एकही चावणारा नव्हता, तिने तपासलं असतं. तिने सगळं तपासलं असतं. वही भरून आली होती ना ती! पानं चार, आणि त्यात एकदाही असं लिहिलं नव्हतं की लेकीचा हात सोडू नये.

"ताई, झाली सगळी," गोदामवाला म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "आत नाहीये पोरगी. बाहेरच गेली. चला, रस्त्यावर बघू."

सगळे फाटकाकडे वळले. तीही वळली. दोन पावलं गेली आणि थांबली.

रस्त्यावर नाही. मुंगी रस्त्यावर जाणार नाही. तिच्या हातात अजून एक पट्टी आहे. हातातलं काम संपल्याशिवाय ती जेवायलासुद्धा उठत नाही. नऊ दिल्या होत्या. सात रांगेत, एक टेम्पोत. नववी कुठे?

'जे बंद आहेत ते, आणि हा आपला.'

ती वळली. सगळ्या गोदामात दारं सताड उघडी होती, रांगाच्या रांगा आ वासून उभ्या होत्या. एकच फ्रिज बंद होता. कारण त्याचं दार उघडायला जागाच नव्हती. सगळे त्याच्या पाठीवरून पळत गेले होते. पाठ बघून कोण विचारतंय?

काखेत कळसा म्हणतात तो हा.

ती भिंत आणि फ्रिज यांच्या फटीत गाल लावून बघू लागली. दार भिंतीपासून चार बोटांवर होतं, पण त्याची कडी भिंतीला टेकलेली. दाराच्या कडेला, खाली, साडेचार वर्षांच्या हाताच्या उंचीवर, पांढरं काहीतरी होतं. माझीच पट्टी राहिली असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण तिची पट्टी वहीत होती. तिच्यावर 'घट्ट' लिहिलं होतं.

तिने फ्रिजला मिठी मारली आणि ओढला. तो हलला नाही. तिने भिंतीला पाय लावला, पुन्हा ओढला. तिची किंकाळी ऐकून हमाल परत धावत आला, त्याने एका हाताने फ्रिज असा वळवला की ती त्याच्याबरोबर फरफटली. दार मोकळं झालं. तिने कडी ओढली. दार आलं नाही. दाराने तिला क्षणभर अडवून धरलं, ज्या गुणासाठी तिने ते पसंत केलं होतं त्याच गुणाने. मग चुंबनासारखा ओला आवाज करून ते सुटलं.

मुंगी आत बसली होती. गुडघे हनुवटीला लावून, जिथे कप्पे असायला हवे होते तिथे. तिचे केस कपाळाला चिकटले होते, ओठ पांढरे पडले होते, डोळे उघडे होते आणि ती बघत नव्हती.

"मुंगी."

डोळे हलले. मुंगीने तोंड उघडून हवा ओढली, मोठ्ठी, घरघरती. दुसरी ओढली. आणि मग तिने असा गळा काढला की फाटकातून सासूबाईंना तो ऐकू गेला आणि त्या तिथेच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसल्या.

तिने लेकीला ओढून काढलं, छातीशी धरलं, जमिनीवर बसली. किती वेळ दोघी हुंदके देत होत्या कोण जाणे. मुंगीचं अंग तापलेल्या भांड्यासारखं लागत होतं. नंतर तिने मिनिटं जुळवून पाहिली. बारा असतील, कदाचित चौदा. आतली हवा आणखी किती पुरली असती, हा हिशोब तिने कधीच केला नाही.

"काका येत होते," मुंगी हुंदक्यांमधून म्हणाली. "तू म्हणालीस दार लावायचं. मग मी आतून ओढलं. मग गडगड झालं. मग उघडतच नव्हतं. मी ढकललं, आई. खूप ढकललं."

हमाल तिच्यासमोर उकिडवा बसला होता. "मला जरा जड वाटला," तो म्हणाला. "वाटलं, आत काचेचे कप्पे असतील. रोज एवढे ओढतो, कोण उघडून बघतंय..."

कप्पे तिनेच बाहेर काढले होते. तडे बघायला. ते अजून शेजारच्या फ्रिजला टेकवलेले होते, एकही तडा नसलेले.

मुंगी शांत झाली. आईच्या मानेत तोंड खुपसून तिने हळूच सांगितलं, "आई, विझतो."

"काय?"

"दिवा. दार लावलं की विझतो. मग काहीच दिसत नाही."

तिने लेकीला तसंच उचललं आणि डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे तपासले, बोटांची नखं पाहिली, आणि लेकीपेक्षा आईलाच जास्त वेळ बसवून पाणी पाजलं. "ही ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला सावरायला वेळ लागेल."

घरी आल्यावर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणजे ताटावर बसायच्या, पण घास फिरवत राहायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मुंगी झोपलेली असताना त्या सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तू मला काही बोलत का नाहीस? बोल ना. फिरवायला मी सांगितलं."

"पट्ट्या मी दिल्या," ती म्हणाली. "कप्पे मी काढले. तुम्ही फिरवला म्हणालात, तेव्हा शाब्बास पण मीच म्हणाले."

मग सासूबाई झोपलेल्या मुंगीच्या पायाशी जाऊन बसल्या आणि तिचं पाऊल हातात धरून राहिल्या.

फ्रिज तर हवाच होता. दूध नासत होतं, शेजारणीकडे किती दिवस ठेवणार! आठव्या दिवशी त्या दोघी पुन्हा त्याच गोदामात गेल्या. मुंगी मधे, एक हात आईच्या मुठीत, दुसरा आजीच्या. दोघींनी ते इतके आवळले होते की मुंगी म्हणाली, "मी कुठे जात नाहीये ना!"

गोदामवाला उठून उभा राहिला. दाराशी त्याने मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली होती, 'लहान मुलांना कडेवर घ्या. फ्रिज बांधण्याआधी, हलवण्याआधी उघडून बघणे.' खालची ओळ हमालांसाठी होती. तो म्हणाला, "आजी, तो राखाडी मी तुम्हाला निम्म्या किमतीत देतो. खरं तर तसाच घेऊन जा."

निम्मी किंमत! एरवी सासूबाईंनी हे ऐकून त्याची पाठ थोपटली असती आणि मग निम्म्याचं निम्मं मागितलं असतं. आज त्यांनी त्या राखाडी फ्रिजकडे नजरही टाकली नाही. "त्याचं नाव काढू नका," त्या म्हणाल्या. "सुनबाई, वही दे. एक पट्टी फाडून दे."

तिने फाडून दिली. सासूबाई एकेका फ्रिजपाशी गेल्या. पट्टी दारात धरायची, दार लावायचं, ओढायची. पहिल्यात अडकली. त्या पुढे गेल्या. दुसऱ्यात अडकली. पुढे. पाचव्या फ्रिजच्या दारात त्यांनी पट्टी धरली, दार लावलं आणि हात लावायच्या आतच पट्टी अलगद घसरून खाली पडली.

"हा," सासूबाई म्हणाल्या.

गोदामवाला चुळबुळला. "आजी, ह्याचं रबर सैल आहे. गार हवा बाहेर जाते. वीजबिल चढेल. म्हणून तर कुणी घेत नाही. रबर बदलून मिळेल, पण..."

"बदलू नका."

त्याने सुनेकडे पाहिलं, म्हणजे शिकलेली आहे, हिला तरी कळेल अशा नजरेने. तिला कळत होतं. नव्या फ्रिजचं दार कितीही घट्ट असलं तरी आतून ढकललं की उघडतं, हे तिने या आठ दिवसांत दहा ठिकाणी वाचलं होतं. अडवलं ते दाराने नव्हे, भिंतीने. रबर सैल असलं काय, घट्ट असलं काय, त्याचा मुंगीशी काही संबंध नव्हता. वहीतल्या दोन रेघा अजून बरोबर होत्या. हा फ्रिज घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं होतं.

तिने खाली वाकून पट्टी उचलली. दार उघडलं, पट्टी पुन्हा लावली, पुन्हा सोडली. पट्टी पडली. मुंगीच्या हातावरची तिची मूठ जराशी, एका बोटाएवढी, सैल झाली.

"हाच द्या," ती म्हणाली. "आणि घरी आणून ठेवताना दाराचं तोंड खोलीकडे. भिंतीकडे नाही. मी तिथे उभी राहीन."